लेखकाची मते आणि कथासाहित्याचा आस्वाद

लेखकाची वैयक्तिक मते आक्षेपार्ह असली, तरी त्याची कथा-कादंबरी त्यांपासून वेगळी काढून वाचता येते का, तिचा आनंद घ्यावा का, हा साहित्यव्यवहारातला जुना वाद आहे. वंशद्वेष आणि हुकूमशाहीचे समर्थन ही त्याची नेहमीची निमित्ते.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच समीक्षक सँत-बव्ह याने लेखकाच्या चरित्रातून साहित्यकृती उलगडण्याची पद्धत रूढ केली. पुस्तक लिहिणारा ‘मी’ आणि चारचौघांत वावरणारा ‘मी’ निराळे, असे म्हणत फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तने तिला विरोध केला. अमेरिकन अभ्यासक विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा मूल्यमापनाचा निकष नव्हे असे मांडले. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थने १९६७ मध्ये ‘लेखकाचा मृत्यू’च जाहीर केला, म्हणजे अर्थावरची लेखकाची मालकी नाकारली. मात्र अर्थ कसा लावावा, हा या मंडळींचा प्रश्न होता. कोणाला वाचावे, या प्रश्नासाठी त्यांचे दाखले देणे ओढूनताणून होते.

फारकत कितपत जमते हे कृतीगणिक बदलते. नॉर्वेचा क्नूट हामसून याला १९२० चे नोबेल मिळाले. ते पदक त्याने १९४३ मध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला भेट दिले आणि मे १९४५ मध्ये हिटलरचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. पण १८९० मधल्या त्याच्या ‘भूक’ या कादंबरीतला उपाशी तरुण अंगातले जाकीट गहाण टाकून त्यातले पैसे एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला देतो. हे पान वाचताना हिटलर मध्ये येत नाही. आला तर तो वाचकाने बाहेरून आणलेला असतो.

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टच्या बाबतीत ही सोय नाही. त्याच्या ‘इन्समथ’च्या कथेत बंदरगावातल्या लोकांचा समुद्री जीवांशी संकर झालेला असतो, आणि आपल्याही अंगात तेच रक्त आहे हे निवेदकाला शेवटी कळते. रक्ताच्या सरमिसळीची किळस हाच कथेचा कणा; ती काढली तर भीतीही जाते. उपरोध असा, की जे वंशद्वेषी मत त्याच्या पत्रांत नुसते ओंगळ वाटते, त्यानेच इथे कथेला धार आणली आहे.

प्रत्यक्षात भांडणे वाचण्यावरून कमी, पैसा आणि मानसन्मान यांवरून जास्त होतात. हयात लेखकाचे नवे पुस्तक विकत घेतले की मानधन त्याच्या हाती पडते. जुन्या बाजारातल्या प्रतीने किंवा दिवंगत लेखकाच्या बाबतीत तसे होत नाही. बहिष्काराचा युक्तिवाद म्हणूनच हयात लेखकांपुरता वजनदार ठरतो. सन्मानाला मात्र मृत्यूची सवलत नाही. जागतिक फँटसी पुरस्काराचे चिन्ह म्हणून दिला जाणारा लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा आक्षेपांनंतर २०१५ मध्ये बंद करण्यात आला. फ्रान्समध्ये ज्यूद्वेष्टा कादंबरीकार सेलीन याचे नाव पन्नासाव्या स्मृतिवर्षी, २०११ मध्ये, राष्ट्रीय गौरवाच्या यादीतून वगळले गेले. त्याच्या कादंबऱ्यांना कोणी हात लावला नाही. त्याच्या ज्यूद्वेषी पुस्तिकांचे तसे नाही. तिथे मत हाच मजकूर असल्याने वेगळे काढण्यासारखे फारसे उरत नाही. त्या पुन्हा छापण्याची योजना गालिमार या प्रकाशनसंस्थेने २०१८ मध्ये विरोधामुळे स्थगित केली.