भजन, बाप्तिस्मा आणि बिशप: सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती वारशाची पार्श्वभूमी

कीबोर्ड आणि हिंदी ‘वर्शिप’ची गाणी आल्यापासून सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती घरांत एक वाद अधूनमधून निघतोच. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत जुनी भजनंच म्हणायची, असा थोरल्यांचा आग्रह. पोरांना मोबाईलवरची गाणी हवीत. थोरले ज्याला ‘आपली परंपरा’ म्हणतात, ती मिशनऱ्यांबरोबर आलेली नाही. तीही एकेकाळी नवी होती.

मिशनचा इतिहास थोडक्यात पुरे. साताऱ्यात अमेरिकन मिशन 1849मध्ये आलं. दक्षिणेकडे दुसरं मिशन 1852मध्ये कोल्हापुरात उतरलं आणि पुढे सांगली-मिरजेला पोचलं. मिरजेचा दवाखाना 1894चा.

खरा तिढा 1917चा. ब्राह्मण घराण्यातला, 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेला एक मोठा मराठी कवी, नारायण वामन टिळक, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहिला आणि त्याने ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. अभंग, कीर्तन, टाळ हे सगळं त्याने आधीच उपासनेत आणलं होतं. दरबाराचं पाऊल त्याच्याही पुढचं होतं: ख्रिस्ताला गुरू मानणारा, पण बाप्तिस्मा न घेतलेला माणूसही त्यात चालणार होता. आता मंडळीचं (म्हणजे चर्चच्या स्थानिक समाजाचं) सभासदत्व, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी), नोंदवही, सगळंच बाप्तिस्म्यावर उभं. पाण्यातून न गेलेला शिष्य कुठल्या रकान्यात लिहायचा? पण बाप्तिस्मा घेतला की गाव आणि भाऊबंद तुटत, हे कवीने स्वतः भोगलं होतं. त्याचा प्रश्न हवेतला नव्हता. माझ्या मते तो प्रश्न मंडळ्यांनी सोडवला नाही, टाळला. 1919मध्ये कवी गेला आणि दरबार फार टिकला नाही. त्याची भजनं मात्र मंडळ्यांनी ठेवून घेतली. माणूस अडचणीचा, गाणी सोयीची!

आजही घरातलं उपासनेचं जुनं पुस्तक उघडलं, तर स्वरलिपी दिसत नाही. गीताच्या माथ्यावर नुसती चाल किंवा वृत्त दिलेलं असतं. चाल आजीला ठाऊक असते. ती गेली की पान मुकं होतं, म्हणून तर थोरल्यांचा एवढा जीव तुटतो.

1970मध्ये वारशाचं गणित आणखी बदललं. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा ख्रिस्ती प्रवाहांची मिळून एक मंडळी झाली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. त्याआधी मिशनच्या घडीत साताऱ्याकडे मंडळीचा कारभार मंडळीच पाही, सांगली-मिरजेकडे निवडलेले वडील, म्हणजे मंडळीतली जाणती माणसं. दोन्हीकडे बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचा धर्माधिकारी, नव्हता; तो आता आला. बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही ग्राह्य ठरले. म्हणजे बाप्तिस्मा कधी घ्यायचा यावर तडजोड झाली; घ्यायचाच का, या साताऱ्याच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही.

पुढे आल्या स्वतंत्र प्रार्थनासभा. तिथे लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस नाहीत, छापील उपासनाक्रम नाही, कापणीच्या सणाला चर्चमध्ये वाहिलेल्या भोपळ्याचा लिलावही नाही. एकाच घरात आता आई रविवारी सकाळी जुन्या चर्चमध्ये जाते आणि मुलगा संध्याकाळी सभेला. जेवणाआधीची प्रार्थना कोण करणार, यावरूनही कधीकधी धुसफुस होते, कारण आईची प्रार्थना पाठातली असते आणि मुलाची लांबत जाते.