पुतण्या बुशरॉड आणि नातू कस्टिस : वॉशिंग्टनचा खरा वारस कोण?

अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीकडे मुलामुलींकडे गेलेल्या आईवडिलांना बहुतेक वेळा दोन घरं दाखवली जातात. एक पोटोमॅक नदीकाठचं माउंट व्हर्नन आणि दुसरं आर्लिंग्टनच्या दफनभूमीत टेकडीवर असलेलं जाड खांबांचं घर. दोन्हीकडे जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव कानावर पडतं आणि परतताना गाडीत प्रश्न निघतो, ‘त्याला मुलं दोन होती का?’ एकही नव्हतं. ज्या दोघांमुळे हा घोळ होतो, त्यांतला एक पुतण्या आणि दुसरा सावत्र नातू.

नावांनी घोळ आणखी वाढवलाय. नातवाचं पूर्ण नाव जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस. ऐकणाऱ्याला वाटावं, हाच घराण्याचा दिवा. प्रत्यक्षात त्याच्या अंगात वॉशिंग्टनच्या रक्ताचा थेंब नाही. १७५९ साली वॉशिंग्टनने विधवा मार्था कस्टिसशी लग्न केलं, तेव्हा तिच्या पदरी पहिल्या नवऱ्याची दोन मुलं होती. मुलगी पॅट्सी १७७३ मध्ये फेफऱ्याच्या झटक्याने गेली. मुलगा जॅकी १७८१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या वेढ्यानंतर छावणीतल्या तापाने गेला. त्याचा मुलगा, म्हणजे हा कस्टिस, तेव्हा सहा महिन्यांचा होता. तो आणि त्याची बहीण नेली, दोघं आजीआजोबांकडे माउंट व्हर्ननला वाढली. ‘दत्तक’ हा शब्द सर्रास वापरतात, पण रीतसर दत्तकविधान असं काही झालं नव्हतं.

बुशरॉडचं आडनावच वॉशिंग्टन. तो जॉर्जच्या धाकट्या भावाचा, जॉन ऑगस्टीनचा मुलगा. १७९८ पासून १८२९ मध्ये मरेपर्यंत तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. इंग्रजी पुस्तकं त्याला आणि लॉरेन्स लुइसला ‘नेफ्यू’ या एकाच शब्दात बसवतात. मराठीत तशी पंचाईत होत नाही, कारण बुशरॉड पुतण्या आणि लॉरेन्स जॉर्जच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. या भाच्याचं लग्न १७९९ साली नेलीशी झालं. नवरा आजोबांचा भाचा, बायको आजीची नात, आणि तरी रक्ताचं नातं शून्य. आपल्याकडच्या लग्नघरात हे कोडं सोडवायला एखादी आत्याच लागली असती.

वॉशिंग्टनने जुलै १७९९ मध्ये मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं आणि डिसेंबरात तो गेला. मार्थाच्या पश्चात माउंट व्हर्ननचं घर आणि भोवतालची मोठी जमीन बुशरॉडला. कागदपत्रं आणि ग्रंथसंग्रहही त्यालाच. कारणही वॉशिंग्टनने लिहून ठेवलंय. तरुणपणी आपण लढाईवर होतो, तेव्हा शेतीवाडी बुशरॉडच्या वडिलांनी सांभाळली. आपण पडलो तर ही जागा तुझी, असं तेव्हा भावाला म्हटलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचा शब्द भावाच्या मुलाजवळ पाळला. लाडक्या नातवाला फोर माइल रन या ओढ्याकाठची सुमारे १२०० एकर जमीन आणि नव्या राजधानीतला एक भूखंड मिळाला. आर्लिंग्टन त्यात नव्हतं. ती जमीन जॅकीने १७७८ मध्येच घेतलेली, म्हणजे कस्टिसला ती आपल्या बापाकडून आली. घर त्याने १८०२ नंतर बांधायला घेतलं आणि आजोबांच्या वस्तू, अगदी लढाईतला तंबूसुद्धा, तिथे जमवल्या. वॉशिंग्टनचं संग्रहालयच म्हणा. त्यामुळे वारस तोच, असा समज पसरला तर नवल नाही.

पण दोन घराण्यांतला हा फरक सगळ्यात जास्त भोवला तो गुलामांना. १७९९ च्या यादीत माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ वॉशिंग्टनच्या मालकीचे आणि १५३ कस्टिस घराण्याचे. मार्थाचा पहिला नवरा मृत्युपत्र न करता मेला होता. त्यामुळे त्याच्या मिळकतीतला तिसरा हिस्सा तिला तहहयात वापरायला मिळाला आणि तिच्यानंतर तो कस्टिसांकडेच परत जायचा होता. वॉशिंग्टनने आपले १२३ मार्थाच्या पश्चात मुक्त करायचं लिहून ठेवलं. मार्थाने तिच्या मरणाची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ ला त्यांना सोडलं. बाकीच्यांना हात लावायचा अधिकार दोघांनाही नव्हता. एकाच वस्तीत राहून त्यांची आपसांत लग्नं झाली होती. नवरा मोकळा आणि बायकोमुलं गुलाम, असं कितीतरी घरांत झालं. १८०२ मध्ये मार्था गेल्यावर ते लोक चार नातवंडांत वाटले गेले. पुतण्याच्या घरीही परिस्थिती वेगळी नव्हती. न्यायमूर्ती बुशरॉडने १८२१ मध्ये आपले ५४ गुलाम लुइझियानाच्या गिऱ्हाइकांना विकले.

बुशरॉडला मूल नव्हतं. माउंट व्हर्नन बुशरॉडच्या पुतण्याकडे आणि पुढे त्या पुतण्याच्या मुलाकडे, तिसऱ्या जॉन ऑगस्टीनकडे गेलं. घराची डागडुजी झेपेना, तेव्हा त्याने ते १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला एका महिला मंडळाला विकायचा करार केला. मंडळ आजही ते चालवतं.

कस्टिसची एकुलती जगलेली मुलगी मेरी. तिचा नवरा रॉबर्ट ई. ली, यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती. म्हणून लीची बायको वॉशिंग्टनची वंशज, हे वाक्य चूक. ती मार्थाची पणती. १८६१ मध्ये तिला आर्लिंग्टन सोडावं लागलं, तेव्हा तिने घराच्या किल्ल्या सेलिना ग्रे या गुलाम बाईच्या हाती दिल्या. तळघरातल्या वॉशिंग्टनच्या वस्तू चोरीला जाताहेत, हे उत्तरेच्या जनरल मॅकडॉवेलला सांगणारीही सेलिनाच. मग उरलेलं सामान वॉशिंग्टन शहरात हलवलं गेलं. १८६४ पासून त्या जमिनीवर सैनिक पुरले जाऊ लागले. लीचा थोरला मुलगा त्या जमिनीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला, १८८२ मध्ये जिंकला आणि दुसऱ्या वर्षी दीड लाख डॉलर घेऊन मोकळा झाला.

दोन्ही घराणी मात्र त्याआधी एकदा एका तंबूत आली. माउंट व्हर्नन विकणारा जॉन ऑगस्टीन १८६१ मध्ये लीच्या हाताखाली रुजू झाला आणि पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरात दोघं एकाच तंबूत झोपत होते. सप्टेंबरात तो टेहळणीला निघाला आणि गोळी लागून मेला. बरोबर घोड्यावर लीचा मुलगा रूनी होता, कस्टिसच्या मुलीचा मुलगा.