टोलनाका, शेगडी आणि पोटातलं बाळ

मागच्या थंडीत ठाण्याला मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. फ्लॅट घोडबंदर रोडला लागून, खिडकी उघडली की समोर ट्रकांची रांग. फुलांचे दागिने घालून ती झोपाळ्यावर बसलेली आणि आजूबाजूला सल्ले चालू. येणाऱ्या ग्रहणात भाजी चिरू नकोस, सुई हातात धरू नकोस, पडदे लावून आत बस. मी म्हटलं त्या पडद्यांचं आत्ताच काहीतरी करा, किती धूर येतोय. त्यावर एक काकू एकदम शांतपणे म्हणाल्या, "अगं पोटात असेपर्यंत बाळाला काही होत नाही, वार सगळं गाळून घेते ना."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले.

वार म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयाला चिकटून बाळाला पोसणारा अवयव. ती चहाची गाळणी नाही. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही हे खरं, मध्ये पातळ पडदा असतो, पण त्या पडद्याचं मुख्य काम अडवणं नाही, देवाणघेवाण करणं आहे. ऑक्सिजन जातो, साखर जाते, दारू जाते, निकोटिन जातं. आता धुरातले कण. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपल्या केसाची जाडी त्याच्या पंचवीस-तीस पट भरेल. त्यातलेही जे अगदी बारीक असतात ते फुप्फुसातून रक्तात उतरतात. २०१९ साली बेल्जियमच्या हासेल्ट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २८ बायकांची वार तपासली. लेझरचा अतिशय छोटा झटका दिला की काजळीचा कण पांढरा उजेड टाकतो, तेवढ्यावर त्यांनी कण मोजले. वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळी निघाली! ज्या आया जास्त धुराच्या भागात राहत होत्या त्यांच्या वारेत घन मिलिमीटरला सरासरी २०,९०० कण, कमी धुराच्या भागातल्यांमध्ये ९,५००. नंतर २०२२ मध्ये याच लोकांनी स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधल्या संशोधकांबरोबर गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही असे कण दाखवले.

पण कण सापडले म्हणजे नुकसान त्यांनीच केलं असं लगेच म्हणता येत नाही. घोळ होतो कुठे ते बघायला जरा प्लंबिंगमध्ये शिरावं लागेल, आणि हा माझा आवडता भाग असल्यामुळे मी इथे रेंगाळणार आहे.

गर्भाशयाच्या भिंतीत शंभरच्या आसपास छोट्या नागमोडी रक्तवाहिन्या असतात. त्यांना स्नायूंची भिंत असते, त्यामुळे आई घाबरली, थंडी वाजली की त्या आवळल्या जाऊ शकतात. बाळाला हे परवडणारं नाही. मग गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी, ज्यांना ट्रोफोब्लास्ट म्हणतात, त्या आईच्या भिंतीत घुसतात, त्या वाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांचा स्नायूच काढून टाकतात. अरुंद नळीचं तोंड कित्येक पट रुंद होऊन नरसाळ्यासारखं होतं आणि आईला आता तो नळ बंद करता येत नाही. म्हणजे भाडेकरूने येऊन घरमालकाची पाइपलाइन बदलावी आणि कॉकही काढून टाकावा. गंमत म्हणजे सुरुवातीचे दहा-बारा आठवडे याच पेशी त्या वाहिन्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसतात, कोवळ्या गर्भाला जास्त ऑक्सिजन झेपत नाही म्हणून, आणि मग हळूहळू बूच निघतं. सगळं काम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत उरकतं.

हे काम अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी आणि झटक्याझटक्याने मिळतं, वार वैतागून एसफ्लिट-१ नावाचं प्रोटीन आईच्या रक्तात सोडते, ते रक्तवाहिन्यांना सांभाळणारे व्हीइजीएफ आणि पीएलजीएफ हे दोन ग्रोथ फॅक्टर शोषून घेतं, आईचं बीपी चढतं आणि त्यालाच प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात (डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडा, पुढे अडणार नाही). धुरामुळे आईच्या अंगात सूज आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणारे रेणू साठणं) वाढतो आणि त्याने ही पाइपलाइन बिघडत असावी असा अंदाज आहे. जास्त प्रदूषण असलेल्या भागात प्रीएक्लॅम्प्सिया, कमी वजनाची आणि दिवस भरायच्या आधी जन्मणारी बाळं जास्त दिसतात, हे मात्र बऱ्याच देशांत दिसलंय.

यावर लोक म्हणतात की धुराच्या भागात गरीब लोक राहतात, खाणंपिणं कमी, मग धुराला का दोष? बरोबर शंका आहे. म्हणून मला टोलनाक्याचा अभ्यास फार आवडतो. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलवर ई-झेडपास आला, म्हणजे आपला फास्टॅगच समजा, गाड्या थांबायच्या बंद झाल्या. जॅनेट करी आणि रीड वॉकर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये हिशोब मांडला. नाक्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांची तुलना २ ते १० किलोमीटरवरच्या आयांशी केली. जवळच्यांमध्ये मुदतपूर्व बाळंतपणं १०.८ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळं ११.८ टक्क्यांनी घटली. आहार तोच, डॉक्टर तेच, फक्त रांग गेली. आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, खालापूर किंवा तळेगावच्या टोलभोवती असा हिशोब कोणी मांडला तर मी पहिली वाचेन.

बीजिंगचंही तसंच. २००८ च्या ऑलिंपिकसाठी कारखाने, गाड्या आवरल्या, आणि ज्यांचा आठवा महिना त्या काळात आला त्यांची बाळं २००७ आणि २००९ च्या मानाने सरासरी २३ ग्रॅमने जास्त भरली. २३ ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे, हसू येईल, पण सरासरी एवढीशी सरकली तरी अडीच किलोच्या रेषेवर (त्याखालचं बाळ कमी वजनाचं धरतात) असलेली कितीतरी बाळं अलीकडची पलीकडे जातात.

आता जे माझ्या बाजूचं नाही तेही सांगते. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली, निम्म्यांना चुलीऐवजी गॅस दिला. श्वासातलं पीएम २.५ घनमीटरला ७० मायक्रोग्रॅमवरून २४ वर आलं. आणि बाळांचं वजन? फरक वीसेक ग्रॅमचा, आकडेशास्त्राच्या हिशोबाने धरण्याजोगा नाही. २०२२ मध्ये हा निकाल आला तेव्हा बरेच जण खट्टू झाले. गॅस पोचला तो नवव्या ते विसाव्या आठवड्यात, तोवर वर सांगितलेलं पाइपलाइनचं काम बरंच होऊन गेलेलं असतं, हे एक कारण असेल असं मला वाटतं. शिवाय २४ म्हणजे स्वच्छ नव्हेच, जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाची मर्यादा ५ आहे (आपली सरकारी ४०).

जन्मल्यावर तर मध्ये वारही नसते. नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतं आणि फुप्फुसातले बहुतेक वायुकोश जन्मानंतर तयार होतात. आणि नेमकं तेव्हाच आपण काय करतो, तर बाळंतिणीच्या खोलीच्या दारं-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतो, त्यावर ओवा, वेखंड, लोबान टाकून बाळाला धुरी देतो. शेक घ्या, गरम पाण्याच्या पिशवीने घ्या, पण बंद खोलीत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो आणि त्याला वास नसतो, त्यामुळे ओव्याचा घमघमाट चालू असताना कोणाला पत्ता लागत नाही. ग्रहणाच्या सावलीत असलं काहीही नसतं. आणि हो, काकूंनी भेट दिलेली ती "हवा शुद्ध करणारी" मनी प्लांटची कुंडी शोभेला ठेवा, खोलीची हवा तेवढ्याने सुधारायला कुंड्यांचं जंगल लागेल, मग बाळ ठेवायला जागा उरणार नाही.