जोडीने जमवलेलं जुनंपुराणं : संग्रह कुणाच्या नावाचा?

ईबे ही लिलावाची साइट कशी निघाली, याची एक गोड गोष्ट बरीच वर्षं छापून येत होती. पिएर ओमिड्यार यांच्या होणाऱ्या बायकोला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवायची हौस. अदलाबदल करायला तिला कुणी भेटेना, म्हणून या गड्याने तिच्यासाठी अख्खा बाजारच उभा केला. वार्ताहरांना गोष्ट फार आवडली. प्रत्यक्षात ती १९९७ साली कंपनीच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या बाईंनी रचली होती. हौस खरी होती, बाजार मात्र त्यासाठी निघाला नव्हता. सप्टेंबर १९९५मध्ये साइट सुरू झाल्यावर तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. हा चालत नाही हे लक्षात आलंय ना, असं ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला कळवून विचारलं. तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो.

डब्यांची गोष्ट खपली, कारण ती ओळखीची वाटते. जुन्या बाजारात रमलेलं जोडपं कुणी पाहिलेलं नसतं? एक ढिगाऱ्यात हात घालतो, दुसरी ‘ठेवणार कुठे?’ म्हणते आणि पुढच्याच दुकानात तीच एखादी निरुपयोगी किल्ली उचलते. पण या हौसेचा इतिहास उलगडत गेलं की एक अवघड प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो. जमवलं दोघांनी, मग संग्रह कुणाचा?

या प्रश्नाची सगळ्यात कडू कहाणी सतराव्या शतकातल्या लंडनची. लॅम्बेथमध्ये जॉन ट्रॅडेस्कंट या माळीकाम करणाऱ्या बाप-लेकांनी (दोघांचं नाव एकच) जगभरच्या चमत्कारिक चिजा घरात मांडल्या होत्या. लोक त्या घराला ‘आर्क’ (नोआची नौका) म्हणत. १६५६ साली या संग्रहाची छापील यादी निघाली. तिच्यात डोडो पक्षी आहे, आणि जलपरीचा हातही आहे! धाकट्या जॉनची बायको हेस्टर. १६५९मध्ये जॉनने इलायस अॅशमोल या कायदेतज्ज्ञ मित्राच्या नावे बक्षीसपत्र केलं. पुढे मृत्युपत्रात मात्र सगळं हेस्टरला ठेवलं. १६६२मध्ये जॉन गेला आणि प्रकरण कोर्टात उभं राहिलं. १६६४मध्ये निकाल अॅशमोलच्या बाजूने लागला. हेस्टरने हयात असेपर्यंत वस्तू सांभाळाव्यात, मालकी तिची नाही. नंतर अॅशमोल शेजारच्याच घरात राहायला आला. १६७८ साली हेस्टर आपल्याच बागेतल्या तळ्यात बुडून मेलेली सापडली. पाच वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये संग्रहालय उघडलं ते अॅशमोलियन. हेस्टर सोडा, ट्रॅडेस्कंट हे नावसुद्धा पाटीवर आलं नाही.

तेव्हा असल्या वस्तू जमवणं म्हणजे ओळखीपाळखीचं आणि पैशाचं काम होतं. साध्या घरात जुनी वस्तू यायची ती गरज म्हणून. वापरलेले कपडे, भांडी, फर्निचर यांचा व्यापार युरोपभर शतकानुशतकं चालला, पण त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्याची उतरण घालावी लागणं ही लपवायची गोष्ट होती.

हे बदलायला बऱ्याच गोष्टी लागल्या. त्यातली एक म्हणजे कचऱ्याचा डबा. पॅरिसमध्ये रात्री रस्त्यावरचा केर उपसून चिंध्या, हाडं, धातू वेचणाऱ्यांचा मोठा वर्ग होता. १८८३च्या अखेरीस युजेन पूबेल या प्रशासकाने फर्मान काढलं की केर रस्त्यावर ओतायचा नाही, झाकणाच्या डब्यात भरायचा. वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, आरडाओरडा झाला. फ्रेंचमध्ये आजही कचऱ्याच्या डब्याला ‘पूबेल’च म्हणतात, म्हणजे बिचाऱ्याचं नाव राहिलं, पण कुठे राहिलं! शहरातून हुसकले गेलेले हे लोक तटबंदीबाहेर आपला माल जमिनीवर पसरून बसू लागले. सँतुआँचा बाजार त्यातूनच वाढला. त्याचा जन्म १८८५चा धरतात. जुन्या गाद्या-कपड्यांतल्या पिसवांवरून त्याला ‘पिसवांचा बाजार’ हे नाव पडलं आणि जगभरच्या भाषांत त्याची भाषांतरं झाली. रविवारी फिरायला आलेले पॅरिसकर हळूहळू तिथे वाकून पाहू लागले. ज्याच्या घरी कपबशांचा सेट आहे, त्यालाच एकटा, कान मोडलेला कप गोंडस वाटू शकतो, हेही इथे सांगून टाकलं पाहिजे. वेचणाऱ्याच्या पोटाचा धंदा आणि फिरायला आलेल्याची करमणूक एकाच सतरंजीवर मांडलेली असते.

याच बाजारात १९३४ साली कवी आंद्रे ब्रेतों आणि शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेत्ती हे दोन मित्र हिंडत होते. जाकोमेत्तीने धातूचा एक विचित्र मुखवटा घेतला. ब्रेतोंने लाकडी चमचा घेतला, त्याच्या दांड्याच्या टोकाला इवलासा बूट कोरलेला होता. एकट्याला जे दिसलं नसतं ते सोबत असल्यामुळे सापडलं, अशी ब्रेतोंची धारणा झाली आणि त्यावर त्याने लिहिलंही. जोडीने बाजार धुंडाळणाऱ्या कुणालाही हे पटेल. दोघांनी आपापली वस्तू घरी नेली, हा शहाणपणा मात्र मित्रांनाच जमतो.

नवरा-बायकोंपैकी या नादाचं नीट लिहून ठेवलेलं उदाहरण म्हणजे लेडी शार्लट आणि चार्ल्स श्रायबर. शार्लटचा पहिला नवरा लोखंडाच्या कारखान्याचा मालक. तो गेल्यावर कारखाना तिने चालवला. १८५५मध्ये तिने मुलाच्या शिकवणी-मास्तरांशी लग्न केलं, आणि समाजाने नाकं मुरडली. पुढे या दोघांना चिनी मातीच्या भांड्यांचं वेड लागलं. जवळजवळ दोन दशकं ते युरोपभर आगगाडीने हिंडले, गल्लीबोळातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून धुळीने माखलेली भांडी उलटीपालटी करून तळाचे शिक्के पाहिले. किती मोजले, कुणी फसवलं, काय हातचं गेलं, हे सगळं शार्लट रोजनिशीत टिपत होती. मी तर म्हणेन, भांड्यांपेक्षा रोजनिशीच मोलाची. हौस रोज प्रत्यक्षात कशी चालते, ते तिच्यातून कळतं.

इंग्लंडच्या कायद्यात तोवर लग्न झालेल्या बाईची जंगम मालमत्ता सर्वसाधारणपणे नवऱ्याची समजली जाई. तिला स्वतःची मालकी देणारा नवा कायदा १८८२मध्ये झाला आणि १८८३च्या सुरुवातीला लागू झाला. १८८४मध्ये चार्ल्स लिस्बनला वारला. त्याच वर्षी शार्लटने इंग्रजी भांड्यांचा सगळा संग्रह आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला देऊन टाकला, नवऱ्याच्या स्मरणार्थ. नंतर एकटीने हातपंखे आणि खेळायचे पत्ते जमवले, ते ब्रिटिश म्युझियमला गेले.

विसाव्या शतकात जुन्या वस्तूंची उतरंड ठरली. शंभर वर्षांपुढचं ते ‘अँटिक’ हा निकष आपण रसिकांनी ठरवला असं मानतो, पण त्याला पक्कं रूप मुख्यतः जकातीने दिलं. अमेरिकेच्या १९३०च्या कायद्यात १८३०पूर्वीच्या वस्तूंना करमाफी होती. १९६६मध्ये ती शंभर वर्षांवरच्या वस्तूंना लागू झाली. त्याहून तरुण मालासाठी वाइनच्या दुनियेतून ‘व्हिंटेज’ हा शब्द उचलला गेला.

याच काळात चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्याने कॅलिफोर्नियातलं आपलं १९४९चं घर शिंपले, पतंग, खेळणी, दगडगोटे यांनी भरून टाकलं. लग्नानंतरच्या प्रवासात उचललेलं वाळकं काटेरी झुडूपही छताला टांगलेलं होतं. जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांवर त्यांनी १९५७मध्ये छोटा चित्रपट केला. मांडणीत रेचा हात मोठा. तरी १९४६मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या फर्निचरचं प्रदर्शन भरलं, तेव्हा शीर्षकात नाव एकट्या चार्ल्सचं होतं.

पुण्यात दिनकर केळकर (कवी अज्ञातवासी) आणि कमलाबाई यांनी याच प्रश्नाचं तिसरंच उत्तर दिलं. अडकित्ते, दिवे, वज्री, वाद्यं, दारांच्या चौकटी असं रोजच्या वापरातलं किडूकमिडूक त्यांनी गावोगाव फिरून आणलं. पुढे तो संग्रह राज्य सरकारला दिला. पाटीवर पहिलं नाव आहे राजाचं, लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं.

आणि न्यूयॉर्कचे हर्बर्ट व डोरोथी व्होगेल. त्यांचा माल जुन्या बाजारातला नव्हता, नव्या चित्रकारांचा होता, पण रीत हुबेहूब तीच. तो टपालखात्यात कारकून, ती ग्रंथपाल. १९६२मध्ये लग्न झालं. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारात चित्रं यायची. अटी दोन : परवडलं पाहिजे आणि एका बेडरूमच्या घरात मावलं पाहिजे. १९९२मध्ये संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे गेला, तेव्हा त्या घरातून दोन हजारांहून अधिक कलाकृती बाहेर पडल्या. संग्रहाच्या नावात दोघंही आहेत, डोरोथी आधी, मग हर्बर्ट.