माल कसा बनवला, याचीही सीमेवर झडती

युरोपीय संघाच्या कार्बन सीमा कराची अंमलबजावणी १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या अर्थाने सुरू झाली. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते असा माल आत येताना तो बनवताना किती कार्बन हवेत गेला, याचा हिशेब आता आयातदाराला द्यावा लागतो. हा वाद नवा वाटतो, पण त्याची मुळे डॉल्फिनमध्ये आहेत.

१९४७ च्या गॅट या जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या कराराने देशांना दोन पळवाटा ठेवल्या होत्या. माणूस, प्राणी, वनस्पती यांचे जीवित वा आरोग्य जपण्यासाठी किंवा संपुष्टात येऊ शकणारी नैसर्गिक साधने राखण्यासाठी व्यापारावर निर्बंध घालता येत. त्या कुठवर ताणायच्या, हे मात्र कोणी ठरवले नव्हते. पूर्व प्रशांत महासागरात ट्यूना मासा पकडताना त्याच जाळ्यांत डॉल्फिन मरत. म्हणून अमेरिकेने आपल्या १९७२ च्या कायद्याच्या आधारे मेक्सिकोचा ट्यूना रोखला. १९९१ मध्ये गॅटच्या समितीने निकाल मेक्सिकोच्या बाजूने दिला: मासा तोच असताना केवळ पकडण्याच्या पद्धतीवरून भेद करता येणार नाही आणि स्वतःच्या हद्दीबाहेरचे प्राणी वाचवायला आयातबंदी लादता येणार नाही. अहवाल कधीच औपचारिकरीत्या स्वीकारला गेला नाही, तरी पर्यावरणवाद्यांना गॅट तेव्हापासून शत्रू वाटू लागले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. गरीब देशांची धास्तीही तितकीच खरी होती, कारण श्रीमंत बाजारपेठेचा कायदा आपल्या समुद्रात लागू होणार, हे त्यांना दिसत होते.

खरे वळण आले ते कासवांच्या खटल्यात. कोळंबीच्या जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट देणारे उपकरण नसेल तर आयात नाही, असा अमेरिकेचा नियम. भारत, मलेशिया, पाकिस्तान, थायलंड यांनी गॅटची जागा घेतलेल्या जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. १९९८ मध्ये अमेरिका हरली, पण संघटनेत अपिले ऐकणाऱ्या अपिलीय मंडळाचा निकाल बारकाईने वाचावा असा आहे. कासव हे संपुष्टात येऊ शकणारे साधनच आहे, हे मंडळाने मान्य केले. आक्षेप भेदभावाला होता: कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीला तीन वर्षे, आशियाई देशांना चार महिने, वाटाघाटीही नीट नाहीत. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली, बंदी तशीच ठेवली. मलेशियाने पुन्हा आव्हान दिले आणि २००१ मध्ये मलेशिया हरली.

मला तरी वाटते, या निकालाने व्यापारनियमांचा पर्यावरणाशी असलेला संबंधच बदलला. कायदा करता येतो का, हा प्रश्न मागे पडून तो समान रीतीने लावला का, हे पाहिले जाऊ लागले. कार्बन कराची रचनाही याच कसोटीला धरून केलेली दिसते: युरोपातल्या कारखान्यांना बसणारीच कार्बनची किंमत बाहेरच्यांनाही. भारतासह अनेक विकसनशील देशांना हे समानतेच्या नावाखाली केलेले युरोपीय उद्योगांचे संरक्षण वाटते.

निवाडा करणारे अपिलीय मंडळ मात्र डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्याने तिथे अपील ऐकायला पुरेसे सदस्यच उरलेले नाहीत.