शस्त्र परवाना: रायफल निवडण्याआधी अनुसूची वाचा, मॅगझिनला हात लावण्याआधी कलम ६

शस्त्र परवान्याचे अर्ज फेटाळले जातात ते दरवेळी अर्जदाराच्या नावावर गुन्हा असतो म्हणून नाही. मागितलेलं हत्यार एक, सांगितलेलं कारण दुसरंच आणि जोडलेली कागदपत्रं तिसऱ्याच गोष्टीची, असे अर्ज भरपूर येतात. त्यात आता एक नवी जात आली आहे. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघायचे, दोन सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची तुलना करायची, कुणीतरी घरच्या गॅरेजमध्ये मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, खोलून त्यात फेरफार करताना बघायचं आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारायचं, "साहेब, यातली कोणती मिळेल?" खिडकीपलीकडचा लिपिक उत्तर देत नाही, नुसता बघत राहतो. ते उत्तर इथे देतो.

भारतात रायफल कोणती हवी हे आवडीवर ठरत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीतच ते ठरतं. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत हत्यारांचे वर्ग पाडले आहेत. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी पूर्ण ऑटोमॅटिक हत्यारं कायद्याने सरळ निषिद्ध. सेमी-ऑटोमॅटिक रायफल (घोडा दाबला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप चढते) त्याखालची, पण तरीही वर्ग एकमध्येच मोडते. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसं ज्यात बसतात अशा बोल्ट-ॲक्शन रायफलीही त्याच वर्गात. दुकानदार या सगळ्याला 'पीबी' म्हणतात, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). या वर्गाचा निर्णय जिल्ह्यात होत नाही, तो केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. तिथे जिवाला गंभीर आणि नजीकचा धोका दाखवावा लागतो. "मला शूटिंगची हौस आहे" हे कारण तिथे टिकत नाही.

सामान्य माणसासाठी उरतो वर्ग तीन, बोलीभाषेत 'एनपीबी', म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर. त्यात रिव्हॉल्व्हर-पिस्तूल येतात (पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक असलं तरी, लष्करी बोअरचं नसेल तर), .२२ ची रायफल येते, बारा बोअरची बंदूक येते आणि इशापूरच्या कारखान्यातली .३१५ येते. ही .३१५ मुळातच या अडचणीतून आली. .३०३ लष्करी म्हणून नागरिकांना बंद, तेव्हा जिच्यात ते काडतूस बसणारच नाही अशी रायफल काढली. ती बोल्ट-ॲक्शन आहे. प्रत्येक गोळीला हात हलवावा लागतो आणि त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही.

आता अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. अधिनियमाचं कलम १३(३) दोन तऱ्हेची भाषा बोलतं. किमान वीस इंची नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, शेती संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, किंवा मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने नेमबाजीच्या सरावासाठी हत्यार मागितलं, तर कलम १४ मधली नकाराची कारणं लागू नसतील तेव्हा परवाना 'द्यावा' असं कायदा म्हणतो. बाकी सगळ्या हत्यारांसाठी 'योग्य कारण आहे अशी खात्री पटली तर' द्यावा. म्हणजे तुम्ही कोणतं हत्यार लिहिता त्यावर ओझं कुणाच्या खांद्यावर हे ठरतं. रानडुकरांनी भुईमूग उकरला म्हणून अर्ज करायचा आणि रकान्यात पिस्तूल लिहायचं, हे मी नको तितक्या वेळा बघितलं आहे. कारण खरं असतं, माणूस खरा असतो, हत्यार मात्र चुकीचं असतं. कोकणातल्या मंडळींना हे सांगावं लागत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे काय हे घराघरात ठाऊक आहे. तरी एक सांगून ठेवतो, तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, शिकारीचा नाही. रानडुकराला मारायचं तर वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

कागदपत्रांपैकी फोटो, आधार, जन्मतारखेचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा हे सगळे आणतातच. अर्ज नमुना ए-१ मध्ये, वय २१ पूर्ण. तिथे कुणी अडकत नाही. अडकतात ते तीन 'एस' नमुन्यांत.

एस-१ म्हणजे शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हत्यार कसं हाताळायचं, कसं ठेवायचं, कसं न्यायचं याचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि हे प्रमाणपत्र कुठून आणायचं ते कार्यालयातल्या फलकावर सहसा लिहिलेलं नसतं. ओळखीच्या क्लबातून कुणीतरी लेटरहेडवर 'हे गृहस्थ बंदूक चालवतात' असं लिहून देतो, ते परत येतं. आधी परवाना शाखेतच विचारा की तुमच्या जिल्ह्यात कोणाचं प्रमाणपत्र चालतं, आणि ते नमुन्यातच घ्या. एस-२ हे घरी हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. ते सोपं आहे, पण कुलपाचं कपाट कुठे आहे हे चौकशीला आलेला हवालदार बघतो, तेव्हा हमीपत्रात कपाट आणि घरात फक्त खुंटी असं नको. एस-३ वैद्यकीय प्रमाणपत्र आहे. खरी गंमत इथे आहे. शारीरिक तंदुरुस्तीबरोबर मानसिक आरोग्य आणि व्यसन नसणं यावरही डॉक्टरने सही करायची असते. फॅमिली डॉक्टर म्हणतो, मी मनोविकारतज्ज्ञ नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणतो, माझ्याकडे तुमचा काही इतिहास नाही. दोघंही चुकीचं बोलत नाहीत. जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करून जा आणि नमुना सोबत छापून न्या, नाहीतर साध्या कागदावर 'फिट' असा शिक्का मारून परत पाठवतील.

खेळाडू म्हणून अर्ज करणाऱ्यांची चूक ठरलेली. नियमात 'गेली दोन वर्षं सक्रिय सदस्य' असं आहे. क्लबची पावती दोन वर्षांपूर्वीची असणं म्हणजे सक्रिय असणं नव्हे. रेंजवर आल्याच्या नोंदी, स्पर्धांतला सहभाग, क्लबचं पत्र हे सगळं लावा. नामवंत नेमबाजांना जास्त हत्यारं आणि जास्त काडतुसं ठेवण्याची सवलत वेगळ्या अधिसूचनेने आहे. ती गुणांवर मिळते, उत्साहावर नाही. बाकीच्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीपासून कमाल दोन हत्यारं. पूर्वी तीन होती. जुन्या तीनवाल्यांना तिसरं जमा करावं लागलं, आणि आजही कुणी "आमच्याकडे तीनची परवानगी आहे" म्हणत जुनं पुस्तक दाखवतो. तशी परवानगी आता नाही.

पोलीस चौकशीत लपवाछपवी करू नका. 'चॅप्टर केस' म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून दिलेला असेल तर त्या मुदतीत परवाना मिळतच नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झाली असेल तर शिक्षेची मुदत संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. हे लपवलं की नकाराचं कारण बदलतं आणि आणखी वाईट होतं. उलट, "तुमच्याकडे मालमत्ता किती?" या प्रश्नाला घाबरू नका. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही, असं कलम १४(२) स्पष्ट म्हणतं. हे विचारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं.

आता मॅगझिन. हत्यार मिळालं, घरी आलं, की माणसाचा हात शिवशिवतो. मॅगझिनमध्ये काडतूस अडकतं म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे न्यायचं, जास्त गोळ्या बसाव्यात म्हणून लांब करून घ्यायचं, दुसऱ्या रायफलीचं घासून बसवायचं. हे सगळं घरगुती दुरुस्ती वाटतं, पण कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. कलम ५ नुसार हत्यार बनवणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं यालाही वेगळा परवाना लागतो. तुमचा बाळगण्याचा परवाना तिथे कामाचा नाही आणि लेथवाल्याकडे तर कुठलाच नाही.

त्याहून गंभीर आहे कलम ६. पूर्वी त्यात नळी आखूड करणं आणि नकली हत्याराचं खरं करणं एवढंच होतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली, एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणंही आलं. म्हणजे परवान्यावरची रायफल वर्ग तीनची, आणि तिच्या यंत्रणेत केलेल्या खटपटीने ती वर्ग एकच्या व्याख्येत गेली, तर परवाना हातात असूनही गुन्हा होतो. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. छर्ऱ्याच्या बंदुकीलाही हेच तत्त्व लागतं. .१७७ पर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही, पण स्प्रिंग बदलून ती त्यापुढे नेली की विनापरवाना हत्यार तुमच्या घरात. "पोरांनी यूट्यूब बघून केलं" हा बचाव होत नाही. पोराने केलं असेल तर पोराचंच वाटोळं होतं.

मॅगझिन खरंच खराब असेल तर परवाना बरोबर घेऊन दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जा, पावती घ्या, पावती जपा. नवं मॅगझिनही तिथूनच, बिलावर. कुरियरने मागवू नका. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना तर आधीच फोन करून सांगा. अमेरिकेत रेंजवर वापरलेल्या पिशवीच्या कप्प्यात एखादं काडतूस राहून जातं आणि विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसतं. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून असे गुन्हे न्यायालयांनी रद्द केले आहेत, हे खरं. पण त्याआधी गुन्हा दाखल होतो, वकील होतो आणि परतीचं तिकीट जातं.

वारसाचं प्रकरण वेगळंच दुखणं आहे. आजोबा गेले, बंदूक माळ्यावर राहिली, तेराव्यानंतर बघू म्हणता म्हणता वर्ष जातं. परवाना आजोबांचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. ती बंदूक आता घरातल्या कुणाचीच नाही आणि सगळ्यांच्याच अंगावर आहे. लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पोच घ्या आणि मग वारसाचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि इतर सर्व वारसांचं ना हरकत पत्र लागतं. अडतं ते शेवटच्या कागदावर. जमिनीवरून न बोलणारी बहीण बंदुकीच्या कागदावर सही का करेल? म्हणून एक सोय वापरा, जी फार थोडे वापरतात. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे देता येतं. आजोबा सही करू शकतात तोवर करून घ्या. जुनं हत्यार वर्ग एकमधलं निघालं तर वारसालाही दिल्लीचाच रस्ता आहे, आणि दोनची मर्यादा वारशालाही लागू आहे.

मुदतींचा घोळ थोडक्यात. परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज संपण्याच्या किमान साठ दिवस आधी द्यायचा. लोक शेवटच्या आठवड्यात येतात आणि 'अजून संपला नाही ना' म्हणतात. नव्या अर्जावर पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावा आणि तो आल्यावर साठ दिवसांत निर्णय व्हावा असं नियम सांगतात. प्रत्यक्षात फाइल पोलीस ठाणं, उपविभाग आणि अधीक्षक कार्यालय अशी फिरत राहते. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न बघताही निर्णय देता येतो, अशी तरतूद कलम १३ मध्येच आहे. अर्जाची पोच आणि तारीख जवळ असेल तरच ती दाखवून लेखी स्मरणपत्र देता येतं. निवडणूक लागली की हत्यारं जमा करण्याच्या नोटिसा निघतात. जमा केल्याची पावती हरवली की परत मिळवताना किती दमछाक होते ते विचारू नका.

नकार आला तर तोंडी उत्तरावर घरी जाऊ नका. कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्याला बंधनकारक आहे आणि मागितल्यावर त्यांचं थोडक्यात निवेदन द्यावं लागतं. सार्वजनिक हिताचं कारण दाखवूनच ते अडवता येतं. अपिलाची मुदत तीस दिवस. जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर विभागीय आयुक्तांकडे आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर राज्य शासनाकडे. उशीर झाला तर समाधानकारक कारण द्यावं लागतं, आणि "साहेब रजेवर होते, पुढच्या सोमवारी या म्हणाले" हे कारण कागदावर कुठेच नसतं. म्हणून ज्या दिवशी तोंडी नकार ऐकाल, त्याच दिवशी आवक-जावक खिडकीवर लेखी आदेशाची प्रत मागणारा अर्ज देऊन शिक्का घ्या.