अपिलाचा हक्क आणि त्या रात्रीचा पुरावा

अमेरिकेत पीटीएसडीपोटी, म्हणजे भीषण आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकारापोटी, अपंगत्व भत्त्याचा अर्ज फेटाळला गेला, तर माजी सैनिक आज थेट न्यायालयापर्यंत जाऊ शकतो. हा हक्क मात्र फार उशिरा मिळाला.

व्हिएतनामहून जवान परतू लागले तेव्हा त्यांच्या दुखण्याला नावच नव्हतं. मनोविकारांच्या अमेरिकी सूचीत १९५२ साली तीव्र ताणाची नोंद होती, ती १९६८च्या आवृत्तीतून, ऐन युद्धात, गळाली. पीटीएसडी हे निदान १९८० मध्ये आलं, तेही सैनिक आणि त्यांच्यासोबत उभे राहिलेले मानसोपचारतज्ज्ञ यांच्या रेट्यामुळे.

निदान झालं, पण दाद कुठे मागायची? माजी सैनिक खात्याचं अपील मंडळ १९३३ पासून होतं; त्याचा निर्णय अंतिम. शिवाय वकिलाची फी १८६४ साली दहा डॉलरवर बांधलेली. सैनिकांची लुबाडणूक थांबावी, हा तेव्हाचा हेतू. १९८५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. एवढ्या पैशांत कोणता वकील केस घेणार? अखेर १९८८च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय आणलं. १९९० मध्ये त्याच न्यायालयाने ठासून सांगितलं, की दोन्ही बाजूंचा पुरावा तुल्यबळ असेल तर कौल सैनिकाकडे.

तरी घोडं अडायचं ते पुराव्यावरच. प्रत्यक्ष लढल्याची पदकं असणाऱ्यांचं निभायचं. ट्रकचालक, स्वयंपाकी, परिचारिका यांनी काय करायचं? हल्ला कधी झाला, कुठे, तुकडी कोणती, सोबतचं कोण गेलं, हे सगळं फॉर्मवर लिहायचं आणि जुन्या लष्करी दप्तरांत त्याची नोंद सापडण्याची वाट बघायची. जी रात्र आठवू नये म्हणून माणूस धडपडतो, तिचीच तारीख त्याच्याकडे मागायची! या व्यवस्थेतला हा सर्वांत निष्ठुर भाग होता, असं मला वाटतं.

जुलै २०१० मध्ये नियम सैल झाला. शत्रूच्या किंवा दहशतवादी कारवायांची भीती हे कारण असेल, ते सेवेच्या जागेशी व स्वरूपाशी जुळत असेल आणि खात्याच्या तज्ज्ञाने दुजोरा दिला, तर सैनिकाचा शब्द पुरे. सहकाऱ्यांकडूनच लैंगिक अत्याचार झालेल्यांना ही सवलत मिळाली नाही. त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे. त्यात घरी लिहिलेली पत्रं, पोलिसांतली नोंद, अचानक बदललेलं वागणं असा पुरावा धरतात.

अपिलं वर्षानुवर्षं तुंबत गेल्याने २०१७ मध्ये नवा कायदा झाला. तो फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. आता निर्णयानंतर वर्षभरात तीन वाटा खुल्या असतात: नवा पुरावा जोडणं, वरिष्ठाकडून फेरतपासणी, किंवा थेट मंडळ. मंडळानेही नाकारलं, तर न्यायालयात जायला १२० दिवस मिळतात.